उरोश्रावकाची व्युत्पत्ती

नाव नक्की नसलेल्या वस्तूने माणूस बरा करणे हा गुन्हा नसला, तरी शिस्तीला धरून नाही. हे ओळखून शाहूपुरीतल्या आमच्या रुग्णालयाने उपकरणांना मराठी नावे देणारी समिती नेमली आणि नाव ठरेपर्यंत उपकरण कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा दूरदर्शी नियम केला. पहिला मान स्टेथोस्कोपला मिळाला.

त्याच सकाळी गडमुडशिंगीच्या धोंडुबाई खोकत आल्या. सोबत सून पूर्णिमा.

"छातीत घरघर हाय, डॉक्टर. जरा नळी लावून बघा की," पूर्णिमा म्हणाली.

"नाव ठरलं की लगेच लावते," म्हणून डॉ. आदिती बैठकीला गेल्या. (त्या सदस्य होत्या.)

अध्यक्ष महावीर चौगुले हे निवृत्त भाषाशिक्षक. त्यांनी मुळापासून सुरुवात केली. ग्रीकमध्ये 'स्टेथोस' म्हणजे छाती, 'स्कोपेइन' म्हणजे पाहणे. म्हणजे दोनशे वर्षे जगभरचे डॉक्टर कानांनी पाहत आले! हा प्रमाद मराठीत नको, म्हणून 'उरोदर्शक' बाद झाला. उपकरणांचे दुकानदार फराज मुल्ला म्हणाले, "गिऱ्हाईक तर 'कानातलं' म्हणूनच मागतंय." या नावाने गुजरी पेठेतल्या सराफांकडे रुग्ण जातील, अशी भीती नोंदवण्यात आली.

"ऐकतो तो श्रावक," चौगुले सर एकदम म्हणाले. "उरोश्रावक!"

"सर, श्रावक म्हणजे तुम्ही जैन मंडळी न्हवं?" मुल्लांनी विचारले.

"व्हय की!" सर गहिवरले. उपकरण आता घरचेच झाले होते.

इतक्यात पूर्णिमाने दार वाजवले. "ओ पावणं, सासूबाईंना धाप लागलीया!"

समितीने धापेची दखल घेतली. 'धाप' हा अस्सल देशी शब्द असल्याबद्दल समाधान व्यक्त झाले.

दुपारी ठराव मंजूर झाला, कपाट उघडले. डॉ. आदिती उरोश्रावक घेऊन धावत बाहेर आल्या, तर बाकडे रिकामे. पूर्णिमाने सासूला रिक्षात घालून गावच्या डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी बिननावाची नळी लावली, न्यूमोनिया निघाला. डॉ. आदिती संध्याकाळी गडमुडशिंगीला जाऊन धोंडुबाईंना भेटल्या आणि दुसऱ्या दिवशी समितीचा राजीनामा दिला.

धोंडुबाई आता बऱ्या आहेत. हे आम्ही आपणहून कळवत आहोत, कारण वर सराफांच्या विनोदापाशी हसणाऱ्या वाचकांपैकी एकानेही मध्येच थांबून 'अहो, त्या म्हातारीचं काय झालं?' असे विचारल्याची नोंद नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. आपण अर्ज करण्याची गरज नाही. पात्रता सिद्ध झालेली आहे.