बिनआवाजी मयत

धाकूबाबा पहाटे गेले आणि त्यांच्या मुलाने, एकनाथशेठने, ठरवलं की घरात कोणी रडायचं नाही.

निर्णय एवढासाच. पण शेठ जर्मनीत लेकीकडे, दर्शनाकडे, तीन महिने राहून आलेले. तेव्हापासून ठाकुर्लीच्या त्या सातव्या मजल्यावर काहीही घडलं की ते आधी 'तिकडे'च्या तराजूत पडायचं. तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. तिकडे कोणी न सांगता घरी टपकत नाही. तिकडची पोरं अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहतात. (हे शेवटचं मुलाकडे, मयूरकडे बघून. मयूरने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. तो दिवसभर सोफ्यावर आडवा असायचा, त्यामुळे पायांचा प्रश्नच नव्हता.)

"तिकडे मयताला टाचणी पडली तरी ऐकू येते," शेठ म्हणाले. "आवडाआत्या, हेल काढायचा नाही. डिग्निटी म्हणून काही असते."

आवडाबाई म्हणजे धाकूबाबांची धाकटी बहीण. ठाकुर्ली गावात कोणीही गेलं तरी तिचा रडण्याचा हेल उठल्याशिवाय लोक मयताला निघायला पायात चप्पल घालत नसत. सख्ख्या भावाच्या उशाशी तिने पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

गावाला कळवायला शेठने ग्रुपवर मेणबत्तीचं चित्र टाकलं. खाली ओळ : 'एक दिवा शांत झाला.' शेठ रोज सकाळी असलंच काहीतरी टाकायचे. धडाधड उत्तरं आली, "शुभ सकाळ शेठ!"

तिरडी बांधून झाली, ऊन चढलं, तरी दारात कुत्रं फिरकलं नाही. खांदेकरी दोनच. एक मयूर, दुसरे कमरेला पट्टा लावलेले शेठ.

"तिकडे काळी गाडी येते," शेठ पुटपुटले.

"मग बोलवा ना तिकडून!" मयूर खेकसला. "मिठागरात जन्मभर मीठ वाहिलं आजाने. आज त्याला चार खांदे नाहीत, आणि तुम्हाला डिग्निटी पडलीय! आजी, तू रड ना. लोकं येतील."

"मी नाय रडत," आवडाबाई भिंतीलाच म्हणाली. "तुझ्या बापाला इचार, जर्मनीत चालंल का."

मयूर तणतणत गॅलरीत गेला, काच सरकवली आणि ओरडला, "आजाऽऽ!"

खालून वॉचमनने वर बघितलं आणि परत मोबाइलमध्ये मान घातली.

कॉलेज सोडलं तेव्हा सगळं घर त्याच्यावर तुटून पडलेलं. एकटा आजा म्हणालेला, "मिठागरात सगल्या पान्याचं मीठ नाय होत, पोरा. काई पानी आपलं परत खाडीत जातं." मयूरला ते आठवलं आणि दुसरी हाक तो मारायला गेला तशी ती फाटलीच. नाटक करायला गेलेला, आणि खरंच हंबरडा फुटला.

खिडक्या उघडल्या. लोक धावत, धापा टाकत आले.

"अरे देवा, एकनाथशेठ गेले?"

"मी आहे," दारातून शेठ म्हणाले. "बाबा गेले."

"अच्छा, तुम्ही आहात होय," कोणीतरी म्हणालं. आवाज जरा पडलाच.

खांद्यांना आता तोटा नव्हता. मयूरचं रडणं मात्र एवढी गर्दी बघून मधेच अडलं. तोंड उघडं, आवाज बंद.

आवडाबाईने पदर खोचला, त्याला कोपराने बाजूला सारलं.

"सर मागं. रडनं पन दुसऱ्या वर्षालाच सोडलंस," ती म्हणाली आणि हेल काढला.