जवळात जवळची फाईल

“या एडिटरचे रखवालदार म्हणवता, पण तुमच्यातल्या एकानेही कधी साधी फाईल उघडलेली दिसत नाही. नाव जरा चुकलं की कोरं पान पुढे करता. पुस्तिकेत त्यावर अवाक्षर नाही. लाज कशी वाटत नाही?”

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या ओताकरने हे खरमरीत पत्र रखवालदार मंडळाला धाडलं. एडिटर म्हणजे लिहायचा प्रोग्राम, लावाल ते वळण घेणारा. आणि मंडळ म्हणजे जगभर विखुरलेले, फुकट राबणारे, म्हणूनच कुणाचं न ऐकणारे नऊ जण. पत्रासोबत ओताकरने स्वतःची सुधारणा जोडली: दिलेल्या नावाची फाईल नसेल, तर न विचारता जवळात जवळच्या नावाची उघडावी. शिवाय पुस्तिकेसाठी दीड पान मजकूर, त्याखाली स्वतःचं नाव.

मंडळाने पाच आठवडे एका स्वल्पविरामावर काथ्याकूट केला. तेवढ्यात ओताकरने सुधारणा व्लास्तामावशीच्या कॉम्प्युटरवर बसवूनही टाकली. मावशी अकरा वर्षं रानातल्या अळंब्यांवर पुस्तक लिहीत होती. शुक्रवारी ते छापखान्यात जायचं होतं.

“आणि त्या शेपटीवाल्या फायली काढ रे,” मावशी म्हणाली. “उंदराच्या लेंड्यांसारख्या जिकडेतिकडे.”

एडिटर नावाला ~ अशी शेपटी लावून आपणहून ठेवतो त्या जुन्या प्रती त्या. ओताकरने त्याही बंद केल्या. सुधारणा म्हणजे सुधारणा.

शुक्रवारी सकाळी मावशीचा फोन. “छापखान्याला चिठ्ठी लिहायची म्हणून ‘पुस्तकाचं पत्र’ असं नाव टाकलं, तर आत माझी अळंबी.”

“मग?”

“मग काय, पुसली सगळी. पत्राच्या कागदावर त्यांचं काय काम? पुस्तक आपल्या जागी आहेच की. चार ओळी लिहिल्या, सेव्ह केल्या, मशीन बंद केलं. आता ‘पुस्तक’ उघडते, तर तिथेही पत्रच.”

मावशीच्या घरात बूट न काढता शिरणारा ओताकर हा घराण्यातला पहिलाच. पडद्यावर चार ओळी होत्या. शेवटची अशी: ‘सोबत अकरा वर्षांचं काम जोडलं आहे, सांभाळून हाताळावं.’

तेवढ्यात त्याच्या खिशात मंडळाचं उत्तर वाजलं. सुधारणा एकमताने मंजूर. आजपासून जगातल्या सगळ्यांना लागू. पुस्तिकेतला मजकूर तर आदर्शच.

मावशीने तोवर सुधारणेसोबत आलेली ती नवी पुस्तिकाच पडद्यावर उघडली होती.

“हे लिहिणाऱ्याला मी आता खरमरीत पत्र लिहिणार,” ती म्हणाली. “खाली नाव आहे, पण बारीक. मला दिसत नाही. तुझे डोळे तरणे आहेत, वाच बघू. कोण आहे हा?”