कडुबाची दुर्मिळ शीर

पाचोडच्या कडुबाचं पोट दुखत होतं, ही बाब दखल घेण्याजोगी नव्हती. त्याची बायको गोजरबाई त्याला शहरात, क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात घेऊन आली. सोनोग्राफीत यकृताकडे जाणारी शीर फुग्यासारखी फुगलेली दिसली, तेव्हा डॉक्टर अभय यांनी उभं राहून कडुबाशी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन. असा फुगा धमनीला येतो, पोटातल्या शिरेला सहसा येत नाही. फार दुर्मिळ आहे."

"फुटंल का?" गोजरबाईनं विचारलं.

"वाढत गेला तर फुटू शकतो."

"मग करून टाका की आपरेशन."

"बाई, असली चीज लगेच काढून टाकायची? पुढं आमची परिषद आहे. तिथं दाखवायचं काय, टाके?"

सबब, रुग्णास घरी पाठवून निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं. पाचोडच्या बाजारात फ्लेक्स लागला : 'गावचे भूषण कडुबाभाऊ यांना दुर्मिळ आजार झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : सर्जेराव व मित्रमंडळ.' शाल-श्रीफळ झालं. सत्काराला उत्तर देता देता कडुबा पोट धरून खाली बसला. तो त्याचा विनय मानण्यात आला. मग सर्जेरावांनी गुपचूप शहरात जाऊन स्वतःचंही पोट तपासून घेतलं. नुसता गॅस निघाला. परतताना त्यांनी फ्लेक्सकडं मान वळवूनही पाहिलं नाही.

पुढच्या तपासणीत फुगा वाढला होता. "प्रगती समाधानकारक आहे," डॉक्टर म्हणाले. कडुबा पांढराफटक पडला होता.

गोजरबाईनं पदर खोचला. "डॉक्टरसाहेब, फर्दापूरला माझ्या भावाला बी हेच निघालंय. भावजईला बी. तिकडं लई जणांना हाय म्हणं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे, सर्रास?"

"व्हय. शेळ्यांना बी."

"उद्या सकाळी घ्या यांना ऑपरेशनला," डॉक्टर सिस्टरला म्हणाले आणि जांभई देत उठले.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. गोजरबाईला भाऊच नाही, हे दवाखान्यात अजून कुणाला ठाऊक नाही.

कडुबा आता ठणठणीत आहे. फ्लेक्सच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस आला. बाजारात त्याला कुणी थांबवून विचारत नाही. तुम्ही तरी कशाला विचाराल? शीर्षकात 'दुर्मिळ' होतं, म्हणून इथवर आलात. 'कडुबाचं पोट दुखतं' एवढंच लिहिलं असतं, तर पान केव्हाच उलटलं असतं.