द थर्सडे आणि गावंडे सर

आमच्या गल्लीत गावंडे सर कुणालाही नुसतं 'गुरुवारी' म्हणू देत नाहीत. "कोनता गुरुवार? अ थर्सडे का द थर्सडे?" हा सवाल आधी. उत्तर मिळेपर्यंत ते रस्ता अडवून उभे. मग तुमची बस सुटली तरी चालेल.

सरांनी मूर्तिजापूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर इकडे अकोल्यात, जठारपेठेत राहायला आले. इथे नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि वार दरवेळी बदलतो. सरांनी त्याचंही व्याकरण करून टाकलं.

"पुस्तकात वाराले आर्टिकल लागत नाई. ऑन मंडे. खतम! पन ज्या वारी नळ येते, तो काय साधा वार आहे? त्याले 'द' लागतेच. बाकीचे सारे 'अ'."

पुतणीचा साखरपुडा शुक्रवारी आहे, असं मी सांगायला गेलो. सरांनी बोटांवर दिवस मोजले आणि कपाळाला हात लावला. "द फ्रायडेले काहून ठेवला बाप्पा? लोक पानी भरतीन का पंगतीत बसतीन?" झालं तसंच. अर्धी गल्ली ओल्या पायांनी उशिरा आली.

नळाच्या सकाळी सर दारोदार फिरत. "उठा, द ट्यूसडे आला!" दार उघडल्याशिवाय हलत नसत. मला भयंकर राग यायचा. हल्ली गल्लीच्या ग्रूपवर मेसेज येतो, म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, "सर, आता मोबाईलवर कळतं. तुम्ही कशाला गुडघे दुखवता?"

"बरं," एवढंच म्हणाले.

पुढच्या नळाला सर आले नाहीत. मी डोकावलो, तर इस्त्रीचा शर्ट घालून पोर्चमध्ये बसलेले. शेजारी भरलेल्या दोन बकेटा.

"झालं भरून?"

"आमच्या घरच्या मॅडम गेल्यापासून एकट्याले दोन बकेटा लागते. दाहा मिन्टात भरते." त्यांनी एका बकेटीवर झाकण ठेवलं. "पन भाऊ, नळाच्या दिवशी साऱ्यायचे दरवाजे उघडे रायतेत. कोनी चहा पाजते, कोनी भांडते. एरवी मले कोन आवाज देते?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाला मी कधी घरात बोलावलं नव्हतं.

"सर, मेसेजचा काही भरवसा नाही," मी म्हणालो. "चला, सगळ्यांना उठवू. आणि आमच्याकडे केव्हाही येत जा."

ते चपला शोधायला लागलेसुद्धा.

परवा दुपारी दारावर थाप पडली. बायकोनं उघडलं, तर सर.

"आज नळ नाही, सर."

"मालूम आहे वैनी," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.