आर्डिसच्या नावाचं पुस्तक

माझ्या बायकोबद्दल काहीही विचारा, मला उत्तर माहीत असतं, असं मी मार्च महिन्यात ग्रंथालयाच्या टेबलासमोर उभं राहून ठणकावून सांगितलं. एकेचाळीस वर्षांचा संसार! आयुष्यभर मी लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. नुसत्या घरघरीवरून कुठला भाग गेलाय ते ओळखायचो. मग जेवणाच्या टेबलावर समोर बसलेलं माणूस ओळखायला काय लागतं?

आर्डिस ऑक्टोबरात गेली. फुलं आणू नका, त्याऐवजी ग्रंथालयाला काय ते द्या, असं आम्ही तिच्या निधनाच्या बातमीत छापलं होतं. म्हणून ग्रंथपाल ब्रिट्टाने मला बोलावलं. तिच्या आठवणीसाठी एक पुस्तक घ्यायचं होतं. चांगलं, जुनं, नावाजलेलं. आतल्या पानावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटणार आणि ग्रंथालय उभं आहे तोवर ते पुस्तक कपाटात राहणार. पुस्तक कुठलं, ते घरच्यांनी सांगायचं. हवं तर लवॉनला विचारा, असं ब्रिट्टा म्हणाली. लवॉन आणि आर्डिस एकोणीस वर्षं एकाच वाचनगटात होत्या. ते मला लागलं. नवरा मी, आणि विचारायचं लवॉनला?

घरी आल्यावर अडचण कळली. आर्डिस काय वाचते याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. पुस्तक दिव्याच्या आड येतंय का, एवढंच बघायचो. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, लवॉनमावशीला विचारा ना." मी फोन ठेवला.

मग मला ती प्रश्नावली आठवली. ग्रंथालयाच्या संगणकावर ती कायम असते. बारा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि शेवटी तुम्ही स्वभावाने जगातलं कुठलं थोर पुस्तक आहात ते समजतं. दोन वर्षांपूर्वी आर्डिस माझ्या मागे लागली होती, चल, आपण दोघं भरू. मी म्हणालो, मी पुस्तक नाही, मी माणूस आहे आणि मला छपराची पन्हळ साफ करायचीय. ती एकटीच गेली. तिचं काय उत्तर आलं, तेही मी विचारलं नाही.

तर मी संगणकापुढे बसलो आणि आर्डिस होऊन उत्तरं दिली. मोकळा रविवार मिळाला तर? घरातली राहिलेली कामं. यात शंकाच नव्हती, माझी शिडी धरायला ती नेहमी असायची. प्रवासाला जायचं तर कुठे? आपलं घर बरं. कोणी दुखावलं तर? गप्प राहावं, आपोआप निवळतं. दहा मिनिटांत बाराही प्रश्न उडवले. एकदाही अडलो नाही! यंत्राने उत्तर दिलं: 'गोठलेली गिरणी'. सहाशे चौदा पानं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात कॉफी ठेवली होती. मी स्वतः लिंबाच्या वड्या भाजून नेल्या. त्या इतक्या कडक झाल्या होत्या की चमचा टेकवला तर टण्ण वाजायचं. वाचनगटाच्या सहाजणी आल्या. ब्रिट्टाने पुस्तकावरचं कापड बाजूला केलं आणि सगळ्यांनी नाव वाचलं. मग लवॉन म्हणाली, "वेगळंच आहे."

आमच्या भागात कोणी कशाला वाईट म्हणत नाही. घराला आग लागली तरी शेजारी म्हणतील, आज जरा उबदार आहे. 'वेगळंच आहे' याचा अर्थ मला जन्मापासून माहीत आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, बायकांना भरून आलंय. मलाच थोडं भरून आलं होतं.

त्या भरात मी बोलून गेलो की आर्डिसचं हे लाडकं पुस्तक आपण सगळ्यांनी मिळून वाचू या, मीसुद्धा येईन. सहाही माना हलल्या. ब्रिट्टाने लगेच सहा प्रती मागवल्या. गावच्या साप्ताहिकात फोटोसकट छापून आलं, 'आर्डिसला प्रिय असलेली कादंबरी'. पुढच्या महिन्यापासून मी दर मंगळवारी तिच्या खुर्चीवर बसायला लागलो.

आणि खरं सांगतो, पुस्तक मला आवडलं. एक गिरणीवाला आहे. नदी गोठते, चाक थांबतं. तो सहाशे पानं ते चाक दुरुस्त करतो आणि बायकोशी बोलत नाही. मला तो फार समंजस वाटला. चाकाचा कणा त्याने कसा बसवला, हे मी गटाला कागदावर चित्र काढून समजावलं. बायका विणकाम करत ऐकायच्या. जूनमध्ये एकीची पाठ धरली, जुलैत दुसरीकडे पाहुणे आले ते जाईनात. ऑगस्टपर्यंत बाकीच्यांनाही काहीबाही निघालं आणि आम्ही तिघंच उरलो. मी, ब्रिट्टा आणि लवॉन.

त्या दिवशी मी म्हणालो, हा गिरणीवाला थोडं बोलतो, पण मनाने सोन्यासारखा आहे, म्हणूनच आर्डिसला आवडला असणार. लवॉनने सुया खाली ठेवल्या.

"हार्लन, आम्ही हे पुस्तक नऊ वर्षांपूर्वी गटात वाचायला घेतलं होतं. आर्डिसने चाळिसाव्या पानावर मिटलं."

"का?"

"राहू दे."

"लवॉन, का?"

ती ब्रिट्टाकडे बघून म्हणाली, "म्हणाली, हा माणूस मला घरी रोज भेटतो. त्याच्यासाठी मंगळवारी बाहेर कशाला पडू?"

ब्रिट्टा एकदम उठून कॉफी बघायला गेली. कॉफी तिच्यासमोरच होती.

मी विचारलं, हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस? लवॉन म्हणाली, तुझा चेहरा बघून कोणाची जीभ उचलली नाही. मग तिने विचारलं, तू उत्तरं तरी काय दिली होतीस? मी सांगत गेलो आणि सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. ती सगळी उत्तरं माझी होती. आर्डिसला शिडीची भीती वाटायची. मी पडेन म्हणून ती धरायची. तिला समुद्र बघायचा होता, कुठलाही. हे लवॉनला माहीत होतं.

चिठ्ठी निघणार नाही, डिंक पक्का आहे, असं ब्रिट्टा म्हणाली. पण दुसरं पुस्तक घेता येईल. आम्ही तिघं संगणकापुढे बसलो. या वेळी लवॉन सांगत होती, मी फक्त बटण दाबत होतो. प्रत्येक उत्तर ती पटकन सांगायची. नवव्या प्रश्नाला ती थांबली. मन उदास असेल तेव्हा तुम्ही काय करता? तिला माहीत नव्हतं. आर्डिस गटात कधी उदास दिसलीच नव्हती.

"मोरीपाशी उभी राहून बरणीतल्या आंबवलेल्या काकड्या खायची," मी म्हणालो. "बसायची नाही. पाठ माझ्याकडे असायची."

"आणि तू?"

"मी काही विचारायचो नाही. बरणीचं झाकण आधीच सैल करून ठेवायचो. तिच्या मनगटात जोर नव्हता."

"तिला माहीत होतं?"

मी म्हणालो, सांगितलं नाही कधी.

लवॉन पडद्याकडे वळली. चार पर्याय होते: गाणी ऐकता, फिरायला जाता, मैत्रिणीशी बोलता, रडून मोकळ्या होता. काकडीचं बटण नव्हतं. ब्रिट्टाने प्रश्न सोडून बघितला, पण यंत्र पुढे जाईना. शेवटी आम्ही डोळे मिटून 'फिरायला जाता' दाबलं. जे पुस्तक निघालं ते आता कपाटात आहे, आत तिच्या नावाची चिठ्ठी आहे. मी एक प्रत घरी आणली. त्यात समुद्र आहे, पुष्कळ आहे. तीनशे दहा पानं वाचून झाली, अजून कोणी उभ्याने काकडी खाल्लेली नाही. शंभर पानं राहिलीत. बघतो.