यानरावांची हजामत

परदेशी माणूस कसा सांभाळायचा, हे मला विचारा! अख्ख्या लासुर्ण्यात ते काम जमणारा एकच गडी होता, आणि तो म्हणजे मी. युवराज, दूध सोसायटीचा सेक्रेटरी, बी.ए., तेही इंग्रजी घेऊन!

१९९४ सालची गोष्ट. हॉलंडहून यान नावाचा गाईंचा तज्ज्ञ आमच्या भागात वर्षभर राहायला आला होता. गाईला काय खाऊ घालायचं, गोठा कसा ठेवायचा, असलं शिकवायला. उतरला आमच्याच घरी, वरच्या खोलीत. गावानं आठवड्यातच त्याचा 'यानराव' करून टाकला. ताडमाड उंच, छातीपर्यंत तांबडी दाढी आणि वर झुपकेदार मिशा. आईनं त्याला दुधात भाकरी कुस्करायला शिकवलं, आबांनी तंबाखू मळायला शिकवली, आणि उरलेलं सगळं मी शिकवलं. 'जेवलाय का?' असं कुणी विचारलं तर सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगत बसायचं नाही. बाईमाणसाशी हात मिळवायचा नाही. पठ्ठ्या एकदा सांगितलं की विसरायचा नाही. शिकवणाराच तसा होता ना!

एप्रिलातल्या एका रविवारी आमच्या घरी माझी सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. मुलगी वडगाव निंबाळकरची, नाव सुप्रिया. बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी देताना तिनं असं काही हसू दाबलं, की तेव्हापासून मला दुधाच्या कॅनमध्येही तिचाच चेहरा दिसायचा. आधीची स्थळं मोडून मोडून आई थकली होती. हे मोडलं असतं तर मी घर सोडून निघूनच गेलो असतो! आणि सगळं होतं तिच्या मामांच्या शब्दावर. कुंडलिकराव! शकुन-अपशकुनाचं भलतंच वेड. मांजर आडवं गेलं म्हणून एकदा त्यांनी भरलेली जीप माघारी वळवली होती.

मी म्हटलं, यानलाच पुढं बसवू. पाव्हण्यांवर छाप पडलीच पाहिजे! आदल्या दिवशी त्याला इंग्रजीत बजावलं, "उद्या पुष्कळ माणसं येतील. सगळ्यांना हात जोड. हसत राहा. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेव. आणि सकाळी झुंबर न्हाव्याकडं जाऊन त्या दाढीचं काहीतरी कर."

"नो प्रॉब्लेम!" यान म्हणाला.

सकाळी मी निर्धास्त मनानं इंदापूरला टेलरकडं सफारी आणायला गेलो.

परत आलो तर घरापुढं चपलांचा ढीग! पाव्हणे लवकर आले वाटतं, असं म्हणत लूना लावतोय, तोच आतून हंबरडा ऐकू आला. बायकांचा! हातातली सफारी खाली पडली. "आबाऽ!" करत मी आत धावलो, तर आबा सतरंजीवर मान खाली घालून बसलेले, चांगले धडधाकट. आई पदर तोंडाला लावून रडत होती. मग मेलं कोण?

आणि सगळ्यांच्या मधोमध मला तो दिसला. मी भिंतच धरली! दाढी गेली, मिशी गेली, डोक्यावरचे केसही गेले. मागं तेवढी बारीक शेंडी.

आपल्याकडं गडीमाणूस मिशीसकट डोकं कधी काढतो, हे काय सांगायला पाहिजे? बाप गेल्यावर!

"यानरावाचा बाप गेला रं," आबा हळूच म्हणाले. "परमुलखात येकटं पोर. कुणाला बोललं सुदीक न्हाय."

"तुमाला सांगितलं कुणी?"

"सांगाय कशाला पायजे? आमास्नी डोळं न्हाईत व्हय?"

कोपऱ्यात झुंबर न्हावी बसला होता. मी त्याच्याकडं वळलो. "झुंबर, आरं काय केलंस हे?"

"दाढी झाली," झुंबर म्हणाला, "तर त्येनी मिशीवर हात फिरवला. काढली. मग डोक्यावर हात फिरवला. म्या काय समजायचं ते समजलो. डोकं केलं, शेंडी ठिवली, आन् गावात वर्दी दिली."

"पण इचारायचं तरी!"

"आसल्या टायमाला इचारत्यात व्हय, युवराजराव?"

आईनं तर पुरण शिजत असतानाच चूल विझवली होती. ज्या घरात मयत झालं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारणींनी रिवाजाप्रमाणं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती.

आणि यान? यान खुशीत! मी सांगितलं होतं अगदी तसंच तो करत होता. हात जोडत होता, हसत होता, पेढे वाटत होता. शेजारची शकुबाई त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून "आरं माझ्या लेकराऽ" म्हणून सूर लावून रडत होती. त्यानं तिच्याही हातावर पेढा ठेवला. ती मधेच थांबली आणि पेढ्याकडं बघतच राहिली.

"बाप मेला आन् पेढं?" कुणीतरी कुजबुजलं.

"त्यांच्यात तशी रीत आसंल," आबांनी सावरून घेतलं. "खावा, खावा. न्हाय म्हणू नगा, त्येच्या जिवाला लागंल."

मग माणसांनी सुतकी तोंडानं पेढे खाल्ले.

मी यानला बाजूला ओढलं. "हे काय केलंस?"

"उकडत होतं," तो म्हणाला. "आता काय गार वाटतंय! पण युवराज, तुझ्या लग्नाचं या लोकांना एवढं दुःख का?"

"तुझे वडील कुठं आहेत?"

"घरी. का?"

मी उत्तर देणार तोच बाहेर जीप थांबली. कुंडलिकराव उंबऱ्यापर्यंत आले. आधी त्यांनी विझलेली चूल बघितली, मग रडणाऱ्या बायका, मग यानचं डोकं. त्यांचा पाय तसाच मागं गेला.

"चला रं, जीप वळवा! मयताच्या घरात सुपारी फुटत न्हाय."

"मामा, कुणी मेलं न्हाय!"

"मग ह्यो?"

"त्याला उकडत हुतं!"

कुंडलिकराव मटकन ओट्यावरच बसले. "बाप जित्ता आस्ताना मिशी काढली? उकाड्यापायी?" हा धक्का त्यांना मयतापेक्षा मोठा बसला होता. मग एकदम उठले. "न्हाय, न्हाय. तुमी लपिवताय. सुपारी उरकायची म्हणून मयत झाकून ठिवताय!"

सुप्रिया डोळ्यांदेखत हातची चालली होती! घाबरलेला माणूस वाट्टेल ते बोलतो, तसा मी बोलून गेलो, "फोन लावू हॉलंडला! त्याच्या वडिलांशी तुमीच बोला!"

ते थांबले. "बोलीन. पर आदी म्या बोलणार. ह्यो पोरगा आदी बोलला तर कुणालाबी बाप करून पढवंल."

जीपमधून सगळे वालचंदनगरच्या फोनबूथवर गेलो. यानला आत जागाच नव्हती, तो काचेबाहेर उभा. आत मी आणि कुंडलिकराव. लाइन लागली, पलीकडून खरखरीत आवाज आला, आणि कुंडलिकरावांनी शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला मारावी तशी हाळी मारली.

"राम राम! यान! आमच्या हितं यान! यानचं वडील का तुमी? जित्तं हायसा न्हवं?"

पलीकडचा काहीतरी बोलला. कुंडलिकरावांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. "म्हातारा रडतोय रं," ते मला म्हणाले. "पोराची लई माया दिसती!" मग फोनमध्ये म्हणाले, "रडू नगा, पाव्हणं. धीर धरा. आमी समदं गाव हाय हितं. यानचं समदं नीट करतो!"

तेवढ्यात लाइन तुटली. बूथवाल्यानं पुन्हा फिरवलं, तर त्या मार्गावरच्या सर्व लाइन व्यस्त!

पण कुंडलिकराव खूश. "बाप जित्ता हाय! चला, फोडा सुपारी."

आईनं घरभर गोमूत्र शिंपडलं, चूल पेटवली, पुरण पुन्हा चढवलं. रडायला आलेली माणसं तशीच जेवायला थांबली. सुपारी फुटली! मला तर आनंदानं रडूच येत होतं. पानावर बसल्यावर याननं मला विचारलं, "वडील खरंच रडत होते?"

"हो. किती प्रेमळ!"

"आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते," यान म्हणाला. "युवराज, रविवारी सकाळी झोपेतून उठवून कुणी अनोळखी माणूस परक्या भाषेत तुझ्या मुलाचं नाव घेऊन ओरडायला लागला, तर तू काय समजशील?"

मी हातातला घास पानात ठेवला आणि पुन्हा बूथकडं पळालो.

दिवस मावळेपर्यंत लाइन लागली नाही. कुंडलिकरावांना मी काही बोललो नाही. फुटलेली सुपारी जोडता येत नसली, तरी त्या माणसाचा काय भरवसा!

दुसऱ्या दिवशी लागली एकदाची. यानच्या घरचा फोन कुणा शेजारणीनं उचलला. मागं पुष्कळ माणसांची कुजबुज आणि कपबशांचा आवाज ऐकू येत होता. दुखवट्याला बसायला आली होती माणसं!

"मी यान बोलतोय," यान म्हणाला.

पलीकडून अशी किंकाळी आली की बूथवालाही खुर्चीतून उठला, आणि फोन बंद!

या वेळी मात्र लाइनचा दोष नव्हता.