उंडग्या हसला, घात झाला

एका जंगलात उंडग्या नावाचं माकडाचं पिल्लू होतं आणि ते काही केल्या बसेना. उभ्यानं खायचं. उभ्यानं उवा काढून घ्यायचं. झोपायचं तेही फांदीला मिठी मारून. दुखत होतं त्याला. कुठे? तर तिथे.

नाकं मुरडू नका, मुलांनो. तिथे म्हणजे आपण बसतो तिथे. तुम्हालाही आहे ती जागा. राजालाही आहे.

उंडग्याची आई वेणू त्याला घेऊन कोल्हावैद्यांकडे गेली. वैद्यांनी नाकाला शेपटी लावून लांबूनच पाहिलं.

"लाल दिसतंय," ते म्हणाले. "पण माकडाचं लालच असतं. एरंडेल द्या."

दिलं एरंडेल. पोर दिवसातून अकरा वेळा झुडपामागे पळायला लागलं आणि दर वेळी रडत परत यायला लागलं. वर ताप चढला.

मग अस्वलडॉक्टर. सात डोंगरांपलीकडच्या जंगलात शिकून आलेले. त्यांनी हातमोजा चढवला, पण नख्या बाहेरच राहिल्या. "बघू," म्हणाले. उंडग्यानं अशी किंकाळी फोडली की नदीपलीकडच्या रानम्हशी उठून उभ्या राहिल्या. पोर हाताखाली थांबेचना. डॉक्टरांना काही म्हणजे काही कळलं नाही.

वेणूचे सासरे मात्र जाम खूश झाले. टोळीचे म्होरके तेच.

"याला म्हणतात तपासणी!" ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उंडग्या डोळे उघडेना. वेणूनं पोराला उचललं आणि गुहेतल्या वाघळीणबाईंकडे धावली. मागोमाग सासरे आले. त्यांच्यामागे सगळी टोळी आली, कारण टोळीला दुसरं काम नव्हतं.

वाघळीणबाई जातीनं वटवाघूळ, उलट्या लटकूनच रोगी तपासायच्या. त्यामुळे त्यांना कुणाचंही आधी तेच दिसायचं. त्यात लाजण्यासारखं काय असतं, हे त्यांना कधी समजलंच नाही. त्यांनी कोरफडीचा गर तळव्यावर कोमट केला आणि दुखऱ्या जागी बाहेरूनच लावला. त्यावर एक गुळगुळीत दांडी अलगद टेकवली. आत काही घातलं नाही. कुणालाच ऐकू न येणारा आवाज तेवढा आत सोडला आणि तो कसा परत येतो ते कान लावून ऐकलं.

उंडग्याला गुदगुल्या झाल्या. तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

"आत बोराएवढा पू साठलाय," वाघळीणबाई म्हणाल्या. "तिथून एक बारीक वाट कातडीपर्यंत आलीय. सुतारपक्ष्याकडून आजच चीर देऊन घ्या. उद्यावर टाकलंत तर विष अंगभर पसरेल."

"पोर हसलं," सासरे म्हणाले. "हसलं म्हणजे तपासलंच नाही. चला अस्वलडॉक्टरांकडे."

"मामंजी, आजचाच दिवस आहे हो हातात!"

"सूनबाई, मी चार पिढ्या वाढवल्यात. दुखल्याशिवाय कधी काही कळतं का?"

टोळीनं माना डोलावल्या. आणि म्होरक्यानं हो म्हटल्याशिवाय सुतारपक्षी कुणाला चोच लावत नसे.

वाघळीणबाईंनी एक सुस्कारा टाकला. "बरं, पुन्हा एकदा नीट तपासते," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग वेणूच्या कानाशी पुटपुटल्या, "बाई, मी दांडी टेकवली की चिमटा काढ. दंडाला. चांगला जोरात."

वेणूचा हात होईना. तापानं फणफणलेलं पोर, आत्ता कुठे हसलेलं. तिनं डोळे गच्च मिटले आणि चिमटा काढला.

उंडग्यानं गुहा डोक्यावर घेतली.

"आत्ता! आत्ता कशी खरी तपासणी झाली!" सासरे आनंदानं ओरडले. "कुठाय तो सुतारपक्षी?"

सुतारपक्ष्यानं चीर दिली. पू निघाला. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. चार दिवसांनी उंडग्या बसला. आईच्याच मांडीवर बसला, पण तिच्याकडे पाठ करून. आईनं चिमटा का काढला, हे त्याला अजून कळलेलं नाही. वेणूला ते सांगता येत नाही, कारण सासरे शेजारीच बसलेले असतात.

वाघळीणबाईंकडे आता ही भलीमोठी रांग लागते. त्यांनी गुहेच्या तोंडाशी एक मुंगळा नेमलाय. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला तो कडकडून चावतो. आईबाप समाधानानं घरी जातात.

तात्पर्य : मुलांनो, चांगल्या तपासणीत मुळीच दुखत नाही. तरीही बेंबीच्या देठापासून बोंबला. त्याशिवाय मोठी माणसं तुम्हाला बरं होऊ देत नाहीत.